जुनं टेबल, नवा रंग : एक न नेमलेलं प्रॅक्टिकल

फर्स्ट इयरला कार्पेंट्री शॉपमध्ये आपण सगळ्यांनीच एक जॉब केलेला असतो. टी-लॅप जॉइंट. फटीत भुसा आणि फेविकॉल कालवून भरायचा, वरून पॉलिश पेपर मारायचा आणि सर तपासायला आले की फटीची बाजू हळूच तळहाताकडे वळवायची. मार्क मिळाले की लाकडाशी आपला संबंध संपतो. माझाही संपला होता. थर्ड इयरच्या जुलैत तो पुन्हा जुळला, तोही चारशे रुपये मोजून.

झालं असं, की त्या वर्षी आमच्या होस्टेलला लोखंडी टेबलं आली आणि जुनी लाकडी टेबलं 'निर्लेखित' झाली. हा शब्द मी नोटीस बोर्डावर पहिल्यांदा वाचला. रजिस्टरमधून नाव उडालं, म्हणजे वस्तू मेली. भंगारवाल्याने सगळी टेबलं एकगठ्ठा उचलली आणि गेटबाहेर रचून ठेवली. बरीचशी जळणासाठी जाणार होती. आमच्या लोखंडी टेबलाचा पत्रा कोपर ठेवला की टण्णकन वाजायचा, त्यामुळे मी त्या ढिगातलं एक टेबल घेतलं. चार फूट बाय दोन फूट, एक खण, तीन पाय सरळ, चौथा जरा डुगडुगता. खालच्या बाजूला पांढऱ्या रंगात लिहिलेलं : व.गृ. ८६/३८.

आणि वरच्या फळीवर नावं! कर्कटकाने, ब्लेडने, काही ठिकाणी तर चक्क पटाशीने कोरलेली. 'मेकॅ. ९१'. 'रूम ४७ जिंदाबाद'. 'एम-थ्री, पुन्हा भेटू'. एका कोपऱ्यात फक्त 'आई'. आणि डाव्या कडेला उभ्या रेघा, पाच-पाचच्या जुड्यांत, एकूण त्रेचाळीस. कसला हिशोब ते कोण जाणे. पीएलचे दिवस, मेसचं राहिलेलं बिल की घरी जायची तारीख? बाकी काही मजकूर या अंकात छापण्याजोगा नाही.

मी मोठ्या उत्साहात बाजारातून चॉकलेटी ऑइल पेंटचा डबा आणला आणि ऑगस्टमधल्या एका रविवारी भर पावसात, रूमची खिडकी लावून, टेबलावर दणदणीत जाड थर फासला. दुसऱ्या दिवशी हात लावून पाहिला, हाताला काही लागेना. वाळलं! रात्री माझ्या रूम पार्टनरने त्यावर मशीन ड्रॉइंगची पूर्ण झालेली शीट ठेवली आणि शीट उडू नये म्हणून वर चार पुस्तकं ठेवली. सकाळी सबमिशन होतं.

पुढचं सांगायला नको, पण सांगतो. शीट निघाली ती तिच्या पाठीवर चॉकलेटी कातडं घेऊनच, आणि अर्धा स्टफिंग बॉक्स टेबलावर राहिला. पार्टनर नऊ दिवस माझ्याशी बोलला नाही. तो रात्रभर जागून दुसरी शीट काढत होता, तेव्हा मी त्याला चहा आणून देत होतो आणि तो चहा तसाच गार होत होता. हा लेख खरं तर तिथूनच सुरू होतो, कारण नेमकं कुठे चुकलं हे शोधायला मी त्यानंतर लागलो.

चुका एक नाही, चार होत्या. पहिली म्हणजे 'वाळलं' या शब्दाचा अर्थ. ऑइल पेंट, म्हणजे सिंथेटिक एनॅमल, दोन टप्प्यांत वाळतो. आधी त्यातलं टर्पेंटाइन उडून जातं. मग उरलेलं रेझिन हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होत जातं, रेणूंची जाळी विणली जाते. पहिला टप्पा काही तासांचा, दुसरा काही आठवड्यांचा. हाताला रंग लागत नाही याचा अर्थ फक्त पहिला टप्पा उरकला. ऑक्सिजन वरूनच येणार, त्यामुळे जाड थर दिला की वर साय धरते आणि खाली रंग ओलाच राहतो. तापवलेल्या दुधासारखं. त्यात पावसाळी दमट हवा आणि बंद खिडकी. म्हणून एक जाड हात देण्यापेक्षा दोन-तीन पातळ हात, मध्ये किमान एक दिवस आणि शक्यतो दिवाळीनंतरची कोरडी हवा. रंग खरंच कडक झाला का हे पाहायला टेबलाच्या खालच्या कडेला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, नख दाबून बघा. खूण उमटली तर अजून थांबा.

(भिंतीचा उरलेला इमल्शन फुकट मिळतो म्हणून तो फर्निचरला लावणारेही आपल्यात आहेत. इमल्शन लवकर सुकतो हे खरं, पण त्याची पापडी मऊ राहते. शेजारच्या रूममधल्या एका शेल्फावर तीन पुस्तकं अशी बसली आहेत की ती आता इमारतीचा भाग आहेत.)

दुसरी चूक, खालचा पृष्ठभाग. माझा रंग काही ठिकाणी पसरतच नव्हता, मध्ये गोल गोल टक्कल पडत होतं. त्या जागी वर्षानुवर्षांचं मेण होतं. लोडशेडिंगच्या काळात तिथे मेणबत्त्या चिकटवलेल्या, शिवाय कोपराचं तेल, डोक्याचं तेल, फरसाणाचं तेल. अशा जागी रंगाची अवस्था अळवावरच्या पाण्यासारखी होते. द्रवाला पसरायला खालच्या पृष्ठभागाची ओढ लागते, आणि मेणाला ती जवळजवळ नसतेच. टेबल नुसतं पुसलेलं असणं म्हणजे स्वच्छ असणं नव्हे. आधी मेण बोथट सुरीने खरवडायचं, मग टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसायचं, मग साबणाचं पाणी, मग साधं पाणी आणि दोन दिवस सुकवणं.

तिसरी चूक, त्या पृष्ठभागावर आधी काय लावलंय हे मी पाहिलंच नाही. याची एक सोपी परीक्षा आहे. कापसाच्या बोळ्यावर थोडं स्पिरिट घेऊन लपलेल्या जागी अर्धा मिनिट दाबून धरा. बोळा तपकिरी, चिकट झाला तर खाली फ्रेंच पॉलिश आहे, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. काही झालं नाही तर तीच परीक्षा थिनरने करा. आता मऊ पडलं तर लॅकर. दोन्हींना दाद देत नसेल तर बहुधा ऑइल पेंट किंवा पॉलियुरेथेन. माझ्या टेबलाच्या फळीवर लाखेचं पॉलिश निघालं, आणि पायांवर कुणीतरी मागाहून दिलेला सरकारी हिरवा रंग.

चौथी चूक त्या हिरव्या रंगाचीच, आणि तीच सगळ्यात गंभीर. पायांचा हिरवा रंग मी रूममध्ये बसून, कोरड्या पॉलिश पेपरने घासला होता. हिरवी धूळ कॉटवर, उशीवर, पार्टनरच्या उघड्या डब्यावर. सप्टेंबरमध्ये केमिस्ट्रीच्या मॅडमना सहज विचारायला गेलो की रंग पटकन कसा निघेल, तर त्यांनी आधी विचारलं, टेबल किती जुनं आहे? मी म्हटलं, शहाऐंशीचं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

जुन्या पिवळ्या, नारिंगी, हिरव्या आणि लाल ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता मोठी. लेड क्रोमेट पिवळा असतो, त्यात प्रशियन ब्लू मिसळला की हिरवा. आपण ज्याला शेंदूर म्हणतो ती पूडही शिशाचंच ऑक्साइड. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर बंधनकारक मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी, १ नोव्हेंबर २०१७ पासून : दहा लाख भागांत ९० भाग, त्याहून जास्त नाही. त्यापूर्वी रंगवलेल्या कुठल्याही फर्निचरवर शिसं असू शकतं असं धरूनच चालायचं. रंग जागेवर घट्ट बसलेला असेल तोवर तो शांत असतो. धूळ होऊन नाकातोंडात गेला की तो रक्तात आणि हाडांत जातो, आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा धोका सर्वांत जास्त. 'तुझ्या रूममध्ये लहान मूल नाही, पण हेच टेबल तू पुढे कुणाला विकशील, त्याच्या घरात असेल,' मॅडम म्हणाल्या.

मग पद्धत बदलली. जुना रंग काढायचा तो ओला करूनच. वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासायचं, म्हणजे धूळ उडत नाही, चिखल होतो. काम उघड्यावर, खाली प्लास्टिक, तोंडाला चांगला मास्क, नुसता रुमाल नव्हे. चिखल फडक्याने टिपायचा आणि फडकं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाकायचं. ते बेसिनमध्ये पिळायचं नाही. आणि जुना रंग स्टोव्हने किंवा ब्लो लॅम्पने जाळून काढायचा नाही, कारण मग तोच विषारी धूर होतो. मी रूम दोनदा ओल्या फडक्याने पुसली, चादरी धुतल्या आणि पार्टनरला सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, 'शीट गेली, आता मेंदूपण घे.' पण तो बोलला, हे महत्त्वाचं.

दिवाळीच्या सुट्टीआधी टेबल उचलून मी वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये नेलं. तिथे कार्पेंट्री शॉपचे काका भेटले. काका १९९१ पासून इथे आहेत आणि या मे महिन्यात निवृत्त होतील. त्यांनी टेबल उलटं केलं, नंबर वाचला आणि म्हणाले, 'हे आपल्याच शॉपमधलं. माझ्या वस्तादांच्या हातचं.' ही टेबलं बाहेरून घेतलेली नव्हती, कॉलेजच्या कार्पेंट्री शॉपमध्येच झाली होती, हे तोवर मला माहीत नव्हतं. निर्लेखित करणाऱ्यांनाही असेल असं वाटत नाही.

काकांनी पहिला प्रश्न विचारला, 'ढेकूण बघितलेस?' होस्टेलवाल्यांना यावर वेगळं व्याख्यान नको. जुनं लाकडी फर्निचर घेताना सांधे, खणाच्या खाचा, खिळ्यांची भोकं टॉर्च लावून बघायची. काळे ठिपके दिसले तर उकळतं पाणी सांध्यांत ओतायचं. पन्नास अंशांच्या वर ढेकूण आणि त्यांची अंडी टिकत नाहीत. मात्र हा उपाय अस्सल लाकडालाच. पार्टिकल बोर्डला पाणी लागलं की तो भिजलेल्या बिस्किटासारखा फुगतो आणि परत बसत नाही. बोर्ड ओळखायचा तो खालच्या, न रंगवलेल्या कडेवरून. रेषा सलग दिसल्या तर लाकूड, थर दिसले तर प्लायवुड, चुरा दाबल्यासारखं दिसलं तर बोर्ड. बारीक गोल भोकांतून पिठासारखी भुकटी पडत असेल तर आत भुंगा आहे, आणि मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. असं फर्निचर फुकट मिळालं तरी घेऊ नका.

आम्ही उकळतं पाणी ओतलं, आणि त्यात एक गंमत झाली. डुगडुगणारा पाय अलगद सुटून हातात आला. मला वाटलं, संपलं टेबल. काका मात्र हसले. सांधे सरसाने चिकटवलेले होते. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला गोंद, उष्णता आणि पाणी मिळालं की तो पुन्हा मऊ होतो. फेविकॉल तेव्हाही बाजारात होता, पण वस्तादांचा विश्वास सरसावर. त्यामुळे चाळीस वर्षांनी सांधा न मोडता उघडता आला. फेविकॉलने चिकटवलेला सांधा असा गुण दाखवत नाही, पटाशी घालावी लागते आणि लाकूड फाटतं. दुरुस्त करता येईल असा जोड, हा विचार मशीन डिझाइनमध्ये आपण बोल्टच्या बाबतीत शिकतो. सुताराने तो गोंदाच्या बाबतीत केला होता.

जुना गोंद मात्र पूर्ण खरवडावा लागतो. नवा गोंद लाकडाच्या रंध्रांत शिरून धरतो. जुन्या गोंदाच्या थरावर लावला तर तो कोरडा चिकटल्यासारखा वाटतो आणि महिन्याभरात सांधा परत हलायला लागतो. टेनन सैल होता, म्हणून त्याला पातळ लाकडी चोळ फेविकॉलने चिकटवून जाड केला, मग सांध्यात बसवला. चार फुटी शिकंजा शॉपमधून बाहेर न्यायला परवानगी नव्हती. म्हणून नायलॉनची दोरी चारही पायांभोवती दोनदा गुंडाळली, मध्ये स्क्रू-ड्रायव्हर घालून पीळ दिला आणि तो पायाला अडकवून ठेवला. एक रात्र. टेबल डुगडुगायचं थांबलं. रंगाला हात लावण्याआधीचं हे काम कुणाला दिसत नाही, पण डुगडुगणाऱ्या टेबलाचा रंग सांध्यापाशी पहिल्यांदा तडकतो, हे लक्षात ठेवा.

आता रंग कुठे आणि पॉलिश कुठे? काकांचं मत ठाम होतं : 'सागावर रंग फासणं हे पाप.' मला ते पटलं. चांगलं लाकूड असेल तर त्याच्या रेषा हीच नक्षी, ती झाकू नये. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत रंगीबेरंगी फर्निचरचे फोटो येतात, त्यांत कितीतरी वेळा सुंदर सागवान पांढऱ्या रंगाखाली गाडलेलं असतं. रंग द्यायचा तो ज्या लाकडाला दाखवण्यासारखं काही नाही त्याला. आमच्या टेबलाची वरची फळी जंगली लाकडाच्या तीन पट्ट्या जोडून केलेली, एका जोडाला फट, डाग, जळकट खुणा. तिला रंग. पाय सागाचे. ओला हिरवा रंग काकांच्या पोलादी स्क्रेपरने निघाला तेव्हा खालून मधासारखं लाकूड आलं. त्यांना पॉलिश. अर्ध्या लिटर स्पिरिटमध्ये साधारण ७५ ग्रॅम लाख रात्रभर भिजवायची, गाळायची आणि कापसाच्या बोळ्यावर मलमलचं फडकं गुंडाळून लाकडाच्या रेषेच्या दिशेने पातळ हात मारत राहायचं. आठ-दहा हातांनंतर चकाकी येते. लाखेवर गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं, म्हणून ते पायांना चालतं, चहा पिणाऱ्यांच्या टेबलाच्या फळीला नाही.

तीन पाय मधासारखे निघाले. चौथा निघाला काळपट, गाठाळ, वेगळ्याच रेषांचा. मी काकांकडे पाहिलं. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'तो माझा. ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. पाय मोडून आला होता. नवीन सागाला मंजुरी नव्हती. शॉपमध्ये बाभळीचा तुकडा पडला होता, तो लावला. वस्ताद महिनाभर बोलले मला.' मी म्हटलं, काका, बाभूळ तर मजबूत असते, तीस वर्षं टिकलाय पाय. 'मजबूत असते, बैलगाडीच्या चाकाला घालतात. टेबलाला लाज आणते.' हिरवा रंग कशासाठी दिला होता, ते मला तेव्हा कळलं.

मला तो पाय तसाच, पॉलिश करून ठेवायचा होता. तीन एकासारखे आणि एक वेगळा, टेबलाचा इतिहास दिसला असता. काका म्हणाले, 'तू टेबल वापरशील, पण पाय माझा आहे. रंगव.' आमचा यावर दोन दिवस वाद झाला.

आणि उरली नावं. फळी नीट रंगवायची तर कोरीव खळगे लांबी भरून बुजवायला हवेत, असं प्रत्येक पेंटर सांगेल. नाहीतर फळी उग्र घासून सपाट करायची. दोन्हींत नावं जाणार. मला काही सुचेना. सुट्टीत आत्याकडे गोव्यात, पेडणे तालुक्यात गेलो होतो, तेव्हा मोरजीला मोरजाईच्या देवळात भिंतीवरची कावी पाहिली. लहानपणापासून पाहत आलो होतो, पण या वेळी इंजिनिअरसारखी पाहिली.

कावी ही कोकण-गोवा आणि कर्नाटकच्या किनाऱ्यावरची जुनी भित्तिकला. डॉ. कृष्णानंद कामत यांनी तिचा मोठा अभ्यास करून ठेवला आहे. दुरून वाटतं, पांढऱ्या भिंतीवर लाल चित्र काढलंय. तसं नसतं. आधी चुन्याचा पांढरा थर, त्यावर काव मिसळलेला लाल थर, आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने लाल थर खरवडून काढायचा. खालचा पांढरा दिसतो, तीच रेघ. म्हणजे इथे रंग लावून चित्र होत नाही, रंग काढून होतं. बऱ्याच आकृत्या तर कंपासने आखल्यासारख्या भूमितीच्या असतात.

मी त्या भिंतीसमोर उभा होतो आणि मला टेबल दिसत होतं. खोल गेलेली रेघ पांढरी, वरचा सपाट भाग लाल. माझ्या टेबलावर खरवडण्याचं काम होस्टेलच्या पोरांनी तीस वर्षं आधीच करून ठेवलं होतं!

परत आल्यावर आधी बटर पेपर फळीवर पसरून त्यावर सपाट पेन्सिल घासली आणि सगळ्या नावांचे ठसे घेतले, कारण उथळ नावं जाणार हे नक्की होतं. मग १२० नंबरच्या पेपरने, नंतर २२० ने, रेषेच्या दिशेने घासलं. जोडाच्या फटीत भुसा आणि फेविकॉल. न छापण्याजोग्या मजकुरात लांबी. बाकी खळगे बारीक ब्रशने साफ करून मोकळे ठेवले. वुड प्रायमरचा एक पातळ हात, एक दिवस, ३२० चा हलका पेपर, मग पांढऱ्या एनॅमलचे दोन पातळ हात, खळग्यांच्या तळापर्यंत. मग आठ दिवस काहीही नाही. हे आठ दिवस सर्वांत अवघड. पांढरा थर कच्चा असेल तर वरच्या रंगातलं टर्पेंटाइन त्याला मऊ करतं आणि सगळं गुलाबी होतं.

वरचा तांबडा हात ब्रशने द्यायचा नाही. ब्रश खळग्यात शिरतो. चार इंची फोमचा रोलर घ्यायचा, ताटलीत रंग घेऊन रोलर आधी रद्दीवर फिरवून जवळजवळ कोरडा करायचा, आणि फळीवर न दाबता चालवायचा. सपाट भाग तांबडा होतो, खळगे पांढरे राहतात. मी पहिला पट्टा ओढला आणि तांबड्यातून 'मेकॅ. ९१' पांढरंशुभ्र वर आलं. पार्टनर शेजारी उभा होता. तो एवढंच म्हणाला, 'अरे बाप रे.' पाऊण मिलीमीटरपेक्षा उथळ असलेली नावं भरून गेली. 'रूम ४७' अर्धं राहिलं. 'आई' राहिलं. त्रेचाळीस रेघांतल्या एकोणचाळीस राहिल्या.

कडेची नक्षी मात्र खरी कावीच्या रीतीने, ओला रंग खरवडून केली. फळी १२०० बाय ६०० मिलीमीटर. ७५ चा चौकोन धरला तर लांबीत बरोबर १६ आणि रुंदीत ८ बसतात. कोपरे एकदाच मोजायचे, म्हणजे एकूण ४४ चौकोन. प्रत्येकात कंपासचं सहा पाकळ्यांचं फूल. त्रिज्येनेच परिघाचे सहा भाग पडतात, हे आपण शाळेत शिकलो ते इथे कामाला आलं. कंपासमध्ये शिशाऐवजी बांबूची टोकदार काडी बसवली. आधी प्लायच्या तुकड्यावर वेळ काढली : अर्ध्या तासात खरवडलं तर रंग परत वाहून रेघ बुजते, दोन तासांनी खरवडलं तर कडा तुटतात. डिसेंबरच्या हवेत एक ते दीड तासाची खिडकी मिळते. एका फुलाला चार मिनिटं धरली तर ४४ फुलं एका खेपेत अशक्य. म्हणून कडेचे चार भाग केले, रोज एकच रंगवायचा : १६, १६, ६ आणि ६. फुलं करताना मनगट टेकायला दोन पुस्तकांवर फूटपट्टी आडवी ठेवा, नाहीतर पहिल्या दिवशी माझी झाली तशी तीन फुलं बाहीला लागून पुसली जातील. (पुसली तर टर्पेंटाइनच्या फडक्याने तेवढा तांबडा काढायचा आणि पुन्हा. खालचा पांढरा पक्का असेल तर तो हलत नाही. आठ दिवस थांबल्याचं फळ.)

सगळा खर्च लिहून ठेवला आहे. टेबल ४००, पॉलिश पेपर आणि वॉटर पेपर २२०, प्रायमर, पांढरा आणि तांबडा एनॅमल, टर्पेंटाइन मिळून ६१०, लाख आणि स्पिरिट १७०, रोलर, ब्रश, फेविकॉल, मास्क २५०. एकूण १६५०. एवढ्यात नवीन बोर्डाचं छोटं टेबल येतं, हे मान्य. त्यावर रोज रात्री टण्ण आवाजही येत नाही, हेही मान्य. ऑगस्टमधला चॉकलेटी डबा मी या हिशोबात धरलेला नाही. तो पार्टनरच्या शीटच्या खात्यावर.

चौथा पाय शेवटी मी रंगवला, काकांच्या म्हणण्याप्रमाणे. पण हिरवा नाही, फळीचाच तांबडा. आता तीन पाय मधाच्या रंगाचे आणि एक कावेच्या. येणारा प्रत्येक जण विचारतो, ही डिझाइन कुठून सुचली? काका एकदा रूमवर आले, तेव्हा त्यांच्यासमोरच एकाने विचारलं. काका म्हणाले, 'पद्धत आहे तशी.' आणि चहाचा कप त्यांनी सवयीने फळीवर ठेवण्याआधी खाली कागद घातला.

मे महिन्यात मी पास आउट होतोय (एम-थ्रीची कृपा राहिली तर). टेबल गावी नेता येणार नाही. फर्स्ट किंवा सेकंड इयरच्या कुणाला हवं असेल त्याने रूम ११२ मध्ये येऊन बघावं, किंमत तीच, चारशे. उजव्या कोपऱ्यात एक हातभर जागा मी मुद्दाम कोरी ठेवली आहे. कोरायचं असेल तर आधी रंग नखाने तपासा, आणि निदान एक मिलीमीटर तरी खोल जा.